उंचवट्यांवरच्या शरयूताई

गुरुवार होता, म्हणजे आमचा स्लोपचा, स्कीइंगच्या उताराचा दिवस. थर्मास धुऊन ओट्यावर पालथा घातला होता आणि बाहेर ग्लासगोची ती ठरलेली भुरभुर चालू होती, ना धड पाऊस, ना धड धुकं. फोन वाजला तेव्हा वाटलं, शरयूताईच असणार... "विनू, आज जरा लवकर निघू गं, मॅट ओली असते तोवर छान घसरते." पण आवाज त्यांच्या मुलाचा होता. "विनूताई, आई आज सकाळी उठलीच नाही." मी त्याला काय म्हणाले ते मला आठवत नाही. फोन ठेवल्यावर मात्र मी थर्मास सरळ केला, त्यात चहा भरला, झाकण घट्ट लावलं आणि तशीच उभी राहिले. अगं बाई, कोणासाठी करून राहिली आहेस हे? हे 'करून राहणं'ही त्यांचंच. त्या नागपूरच्या. मी पक्की ठाण्याची, पण वीसेक वर्षांच्या सहवासात त्यांची क्रियापदं माझ्या तोंडात येऊन बसली. आता दीड महिना होऊन गेला, तरी दर गुरुवारी माझा हात थर्मासकडे जातोच.

शरयूताई भूलतज्ज्ञ होत्या. नवऱ्यामागोमाग नागपूरहून इथे आल्या, इथल्या हॉस्पिटलात उभा जन्म काढला, इथेच रिटायर झाल्या. यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती. आयुष्यभर लोकांना झोपवायचं काम केलं, पण स्वतः बाई स्वस्थ बसतील तर शपथ! मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली तेव्हा मी या देशात नवी होते आणि थंडीला उठताबसता शिव्या घालत होते. त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "थंडीत घरात बसलं की जास्त वाजते. माझ्यासोबत चल, मी तुला बर्फ दाखवते." बर्फ! मला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलंय. तेव्हा त्या म्हाताऱ्याही नव्हत्या म्हणा, साठीच्या अलीकडच्याच. मी गेले, पाहिलं, आणि स्वच्छ सांगितलं की ताई, मी या पट्ट्या पायाला बांधणार नाही, मला माझी हाडं लागतात. तेव्हापासून आमची वाटणी ठरली ती शेवटपर्यंत. त्या उतारावर, मी कॅफेच्या खिडकीत.

आता हे स्कीइंग म्हणजे साधं घसरणं असतं तर मी लिहायला बसले नसते. शरयूताईंना नाद होता तो उंचवट्यांचा. उतारावर ओळीने बर्फाचे टेंगळासारखे ढीग असतात आणि त्यांच्यामधून डावीकडे-उजवीकडे वळत, गुडघे वर-खाली करत उतरायचं. इंग्रजीत त्यांना मोगल म्हणतात. दिल्लीच्या मोगलांशी काही संबंध नाही, मी विचारून झालंय. आणि मला खरं नवल वाटलं ते हे की हे उंचवटे कोणी करत नाही. पहिला माणूस जिथे वळतो तिथला बर्फ थोडा बाजूला ढकलला जातो. दुसरा त्याच्याच वळणावर वळतो, तिसराही तिथेच, आणि दिवसभरात तिथे खड्डा पडतो, शेजारी ढीग उभा राहतो. "म्हणजे बघ," ताई सांगायच्या, "आपण कुणाच्या तरी मागून वळत असतो आणि आपल्याला पत्ताच नसतो." त्या तरुण डॉक्टर असताना इथल्या उत्तरेकडच्या ग्लेन्कोच्या डोंगरात सगळे उतार असेच टेंगळांनी भरलेले असायचे म्हणे. उतरायचं तर त्यातूनच, दुसरी वाटच नव्हती.

त्यांची पहिली फेरी मात्र ऐकण्यासारखी होती. हॉस्पिटलातल्या लोकांबरोबर गेल्या, अंगात दोन स्वेटर, डोक्याला आईने विणलेली माकडटोपी. दोन तास धडपडून झाल्यावर सगळे सूप प्यायला कॅफेत शिरले, तर ह्या बाईंनी काय करावं? सवयीने स्कीचे बूट दारात काढले! जोडीने, भिंतीला टेकवून, देवळाबाहेर ठेवतात तसे नीट. लोकरीच्या मोज्यांनी आत गेल्या, ओल्या फरशीवर बसून सूप प्यायल्या. अर्ध्या तासाने बाहेर येतात तो काय, ते प्लॅस्टिकचे बूट थंडीने दगड झालेले, पाय काही केल्या आत जाईना. सगळ्यांना वाटलं, भारतातल्या डॉक्टरीणबाई घाबरल्या, आता खाली जायची सबब शोधतायत. "बाप्पा, मला इतका राग आला," त्या सांगत, "की मी ते बूट पोटाशी धरून, कोटाच्या आत घेऊन बसले. ऊब लागली, पाय गेला, आणि त्या दिवशी मी सगळ्यात शेवटी खाली उतरले." पुढच्या फेऱ्यांत कधीतरी त्यांना शोध लागला की उंचवट्यावर मांड्यांत जे बळ लागतं ते त्यांच्याकडे आधीपासूनच आहे. नागपूरला मंगळागौरी जागवताना बसफुगडी खेळायच्या ना... उकिडवं बसून, एक पाय पुढे, एक मागे, दमछाक होईतो. तेच हे! फक्त खाली बर्फ. त्यांचा नियमही तिथलाच होता, आत्याने शिकवलेला. "गुडघ्यांना जे भोगायचं ते भोगू दे. चेहरा हसरा पाहिजे." मी म्हणायचे, ताई, हा नियम बायकांनाच का हो शिकवतात? त्या म्हणायच्या, "भांडू नकोस, उंचवट्यावर करून बघ, कळेल." मी काही करून बघितलं नाही.

वय झालं, मोतीबिंदूनंतर गाडी चालवणं सुटलं, डोंगर लांब पडायला लागला. मग गावाबाहेरचा ड्राय स्लोप उरला. हा म्हणजे टेकडीच्या उतारावर प्लॅस्टिकच्या ब्रशांची मॅट अंथरलेली, वर पाण्याचे फवारे. दारातलं पायपुसणं अख्ख्या टेकडीला घातल्यासारखं दिसतं. त्याच्या एका कोपऱ्यात, मॅटखाली मातीचे ढीग घालून मुद्दाम उंचवटे केले होते, फार वर्षांपूर्वी, तेव्हा त्यांच्यासाठी रांगा लागायच्या म्हणे. मी जायला लागले त्या काळात तिथे शरयूताई आणि दोन-तीन पिकल्या केसांचे स्कॉटिश गडी, एवढीच वस्ती. पोरं सगळी पलीकडे, पार्कमध्ये. पार्क म्हणजे झाडंफुलं नव्हेत. लोखंडी कठडे, पेट्या, उड्या मारायचे उंच चढ. ढगळ पँटी घातलेली मुलंमुली तिथे हवेत गिरक्या घेतात, आपटतात, उठतात, आणि एकमेकांचे व्हिडिओ काढतात. त्यांच्यातच शरयूताईंची नात होती, इरा. युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला, आजीसारखीच हट्टी, आणि आजीच्या उंचवट्यांकडे ढुंकूनही न बघणारी.

दोन वर्षांपूर्वी स्लोपचा मॅनेजर यूअन आमच्या टेबलाशी येऊन बसला. चांगला माणूस आहे, ताईंना 'आजी'च म्हणायचा, इराचं ऐकून. म्हणाला, पार्कला जागा पुरत नाही, क्लबात बोलणं चाललंय, तो कोपरा सपाट करून तिथे आणखी कठडे घालावेत. पण आजी, तिथे तरुण पोरं दिसायला लागली तर मी ते अडवून धरीन, नुसती तुम्ही तीन-चार माणसं पुरेशी नाहीत. ताईंनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं आता भडकणार. तर बाई डोळे बारीक करून पार्ककडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "का बरं येत नसतील गं ही पोरं?" त्या आवाजात तक्रार नव्हती. पेशंट बरा का होत नाही, असं विचारताना डॉक्टरचा लागतो तसा आवाज होता.

मग सुरू झाली त्यांची मोहीम. त्यांच्याकडे एक स्टीलचा डबा होता, झाकणावर भोकाभोकांच्या अक्षरांत नाव घातलेला, 'चि. सौ. शरयू हिस मंगळागौरीनिमित्त, मामा-मामी.' तो खाऱ्या शंकरपाळ्यांनी भरायचा आणि पार्कच्या खाली, पोरं उतरून थांबतात तिथे जाऊन उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी त्यांना म्हटलं, अहो ताई, ही काय बालवाडी आहे, खाऊ दाखवून बोलवायला? "गप गं. भुकेला माणूस खरं बोलतो." आणि पोरं बोलायला लागली की हो! एक म्हणाला, गुडघे जातील. ताईंनी आपले गुडघे पुढे केले, बघ, सत्तरी उलटली, जाग्यावर आहेत. एकीने आपली स्की दाखवली, रुंद, दोन्ही टोकांना वर वळलेली, मागेही जाता येतं अशी, पण त्या टेंगळांमध्ये वळायला आडमुठी. तिसरी म्हणाली, आम्ही असले उंचवटे कधी बघितलेच नाहीत, डोंगरावर गेलं तरी रात्रीतून मशीन फिरून सगळं इस्त्री केल्यासारखं सपाट केलेलं असतं. ताई सगळं ऐकून घ्यायच्या, गाडीत बसल्यावर मला परत सांगायच्या, आणि म्हणायच्या, "खरंय त्यांचं, पण हे कारण नाही." मीही त्या नादात ओढली गेले. मला स्कीइंगमधलं ओ की ठो कळत नाही, पण कोडं मात्र लागलं. भाजी चिरताना वाटायचं, आळस म्हणावं तर ही पोरं त्या लोखंडावर दिवसभर आपटून घेतात. भीती म्हणावं तर उड्या बघून माझाच जीव जातो. मग आहे तरी काय?

उत्तर शेवटी इराकडूनच आलं, तेही माझ्या स्वयंपाकघरात. संक्रांतीच्या दिवशी दोघी माझ्याकडे जेवायला आल्या होत्या. ताईंनी नातीला फरशीवर उकिडवं बसवून बसफुगडी शिकवायला घेतली. "पाठ सरळ. चेहरा हसरा." इरा चार उड्यांत आडवी. "आजी! माझा मांड्या जळते!" हसून हसून आमची पुरेवाट झाली. मग तिथेच फरशीवर पाय पसरून बसल्या असताना ताईंनी विचारलं, "इरा, खरं सांग. माझ्याकडे का येत नाहीस? एकदा तरी?"

तिचं मराठी म्हणजे खडबडीत, पण ती आजीशी मराठीच बोलायची. "आजी, तिकडे कोणी थांबत नाही ना. तू उतरते, तुझे फ्रेंड्स उतरतात, सगळे आपापले. खाली आले की परत वर. पार्कमध्ये आम्ही वर थांबतो, खाली थांबतो. मी पडली तर सगळे ओरडतात, नवीन ट्रिक जमली तर त्यापेक्षा जास्त ओरडतात. बम्प्समध्ये मी पडली तर कोणाला माहीतच नाही होत." मग जरा घाबरून म्हणाली, "सॉरी, आजी. रागावू नको."

ताई रागावल्या नाहीत. नुसत्या "असं होय" म्हणाल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून त्यांचा गुरुवारचा क्रम बदलला. एक-दोनदा उंचवट्यांवरून उतरायच्या आणि मग सरळ पार्कच्या खाली, डबा घेऊन, पोरांच्या घोळक्यात. कोण पडलं की ओरडायच्या, "उठ रे बाप्पा, उठ!" आणि ते लालबुंद गालांचे गोरे पोरगे 'उठ रे बाप्पा' एकमेकांना म्हणायला लागले. मला कॅफेच्या खिडकीतून ते दिसायचं आणि खरं सांगते, थोडा मत्सरही वाटायचा.

गेल्या शरद ऋतूत त्या कोपऱ्याचं ठरवायला क्लबची सभा झाली. रविवारची सकाळ, कॅफेतल्याच खुर्च्या ओळीने लावलेल्या. पिकल्या केसांचे गडी तयारीत आले होते, त्यांना खात्री होती की आजी उभी राहिली की यूअनची हिंमत होणार नाही. मीही मुद्दाम त्यांच्या शेजारची खुर्ची धरली होती, टाळ्या वाजवायला. यूअनने विचारलं, कोणाला काही म्हणायचंय? शरयूताई उभ्या राहिल्या. आणि म्हणाल्या, "तो कोपरा काढा. पोरांना जागा द्या."

एक गडी तर अर्धवट उठलाच. ताई हसतमुखाने सांगत होत्या की मी दीड वर्ष विचारत फिरले, आता मला कळलंय, मुलांची हरकत उंचवट्यांना नाही, एकटं उतरण्याला आहे, आणि ते काही चूक नाही. सगळे त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्या उभ्या आणि मी बसलेली, त्यामुळे माझ्या डोळ्यांसमोर होते त्यांचे गुडघे. ते थरथरत होते. थोडे वाकायचे, सरळ व्हायचे, पुन्हा वाकायचे. मी नुसता हात पुढे करून त्यांच्या कोटाची कड घट्ट धरून ठेवली.

गाडीत मात्र मी भांडले. मला सहनच होईना. म्हटलं, कशाला बोललात? गप्प बसला असतात तरी चाललं असतं, तुमचं एवढं एकच सुख होतं! त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "विनू, उंचवटा म्हणजे काय गं? माणसं वळतात म्हणून तो होतो. वळायला माणूसच नाही, तर मग ते मॅटखालचं नुसतं मातीचं ढेकूळ. ते जपून काय करू?" मग घर आलं. दाराशी म्हणाल्या, "चहा करशील? आलं जास्त घाल." डिसेंबरात कोपरा सपाट झाला. त्याही गुरुवारी त्या डबा घेऊन हजर होत्या, नव्या कठड्यावरून पहिली कोण जाते ते बघायला. आणि जानेवारी संपायच्या आत तो फोन आला... मनात एक किडा अजून वळवळतो, तो कोपरा राहिला असता तर त्या आणखी थोडं टिकल्या असत्या का? त्यांच्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, विनूताई, हृदयाचं दुखणं होतं, मॅटचा काय संबंध. बरोबरच आहे त्याचं. पण मनाला कोण समजावणार?

क्रिमेटोरियममध्ये मंडळाचे लोक होते, हॉस्पिटलचे जुने लोक होते, आणि मागच्या भिंतीला टेकून ती ढगळ पँटीवाली पोरं, काळे कोट कुठून कुठून मागून आणलेले. कोणीही मोबाईल बाहेर काढला नाही. बाहेर आल्यावर त्यांच्यातली एक मला विचारते, तो डबा आता कोणाकडे असणार? डबा माझ्याकडेच होता, त्या जाण्याच्या आदल्या गुरुवारी भरायला आणलेला. मी तसं सांगितलं आणि तिथेच मला पहिल्यांदा मोठ्याने रडू आलं.

परवाच्या शनिवारी इराचा फोन. "मावशी, आम्ही सगळे ग्लेन्कोला जातो, बर्फ अजून आहे. तू येते का? आजीची डबा घेऊन ये." मी, जिने बर्फाला वीस वर्षं काचेआडून बघितलं, ती चेअरलिफ्टच्या त्या लोंबकळत्या बाकावर डोळे मिटून, डबा छातीशी कवटाळून वर गेले. ऊन पडलं होतं, बर्फ भिजवलेल्या रव्यासारखा मऊ झाला होता. कडेला एक अरुंद, चढा उतार होता, तिथे मशीन जातच नाही. पोरांनी तोच धरला, कारण तिथे गर्दी नव्हती. वर थांबायची, एकमेकांची वाट बघायची, मग एकामागून एक, अगदी शेपटी धरल्यासारखी, ओरडत खाली. खाली आली की माझ्याभोवती कोंडाळं, डब्यात हात, आणि पुन्हा वर. मी एका खडकावर पाठीशी पिशवी घेऊन बसले होते आणि मनात ताईंना सांगत होते, बघा हो, आले ना मी शेवटी.

दुपारी इरा खाली येऊन थांबली ती वळून वर बघत राहिली. "मावशी, सकाळी हे नव्हतं." उतारावर डावीकडे-उजवीकडे, ओळीने, बसक्या टेंगळांची रांग उभी राहिली होती. फार मोठी नव्हती, पण उन्हात प्रत्येकाची सावली वेगळी दिसत होती. "कोणी केलं हे?" तिने विचारलं. खरोखर कुतूहलाने, डोळे बारीक करून, अगदी आजीसारखे. मी म्हटलं, "तुम्हीच केलंत गं. सकाळपासून एकमेकांच्या मागून वळताय." इतर पोरंही वर बघायला लागली. मग इराने डब्यातला शेवटचा शंकरपाळा तोंडात टाकला, झाकण लावून डबा माझ्या मांडीवर ठेवला, आणि म्हणाली, "मी एकटी जाते. तुम्ही सगळे इकडे थांबा."

ती वरून निघाली. पहिल्या टेंगळावर डगमगली, दुसऱ्यावर सावरली, आणि मग पाठ सरळ ठेवून वळत वळत खाली येऊ लागली. पोरं ओरडत होती, "उठ रे बाप्पा!" पडली नसतानाही. सगळ्यांनी मोबाईल उंच धरले होते, तिचा हसरा चेहरा टिपायला. मी तो रिकामा डबा दोन्ही हातांनी धरून तिच्या गुडघ्यांकडे बघत होते.